पान एकशे बारावरचा रोट

१

तिजानी पहिल्यांदा मेला तो पंचाहत्तर साली, तुरुंगात. दुसऱ्यांदा त्याला मारलं ते अडतीस वर्षांनी, एका पुस्तकाच्या पान एकशे बारावर. पहिल्या मरणाचा तपास कुणी केला नाही. त्या काळात असल्या मरणाबद्दल विचारायचं नसतं, हे काफ गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दुसऱ्या मरणाचा तपास मात्र एका निवृत्त शिक्षिकेच्या गळ्यात पडला.

तिचं नाव नझीहा. गावातल्या शाळेत तिने पस्तीस वर्षं साहित्य शिकवलं. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे पन्नाशीचे बाप्येसुद्धा तिला ‘मादाम’ म्हणत आणि ती दिसली की सिगारेट पाठीमागे लपवत. नवरा गेला होता, गुडघे गेले होते, पण वाचायची खोड काही जात नव्हती.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी बय्या तिच्या दारात उभी राहिली. बय्या तिजानीची धाकटी बहीण, नझीहाची जुनी विद्यार्थिनी, आता शिवणकाम करून एकटीच राहणारी. तिचे दोन्ही हात कोळशाने काळे झाले होते.

“हे काय गं, भट्टीत काम करायला लागलीस की काय?”

“दार धुवत होते, मादाम. कुणीतरी कोळशाने लिहून गेलंय. ‘फितुराचं घर.’”

नझीहाने तिला आत ओढून बसवलं. चहा दिला, तो तिने घेतला नाही. तिने पिशवीतून पुस्तक काढलं. लारूसी नावाच्या जुन्या राजबंद्याचं आत्मकथन, ‘चौदा पावलं’. कोठडीपासून चौकशीच्या खोलीपर्यंतचं अंतर चौदा पावलांचं होतं, म्हणून हे नाव. महिन्याभरात सगळ्या गावाने ते डोक्यावर घेतलं होतं.

“शुक्रवारी वाचनालयात तुम्हीच बोलणार ना ह्याच्यावर?”

“मीच. ‘आशयसूत्रं आणि निवेदनाची तंत्रं’. नाव असं ठेवलंय की फुकटचा चहा असूनही कुणी फिरकू नये.”

बय्या हसली नाही. “त्याच दिवशी समिती बसणार आहे. तुरुंगात मेलेल्यांची नावं संगमरवरी पाटीवर कोरायचीत. हे पान वाचून सगळे म्हणतात, तिजानीचं नाव नको. तुम्ही एकदा वाचा.”

नझीहाने चष्मा चढवला.

‘त्या सणाच्या दिवशी तिजानीच्या हातात अख्खा रोट होता. मधोमध अंडं, त्यावर कणकेच्या दोन पट्ट्या, कडेला चिमुकल्या तळव्याचा ठसा. अंड्यावर ऊन पडलं होतं. तिजानी भिंतीकडे तोंड करून बसला आणि तो खारट रोट त्याने एकट्याने शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. तेव्हा आम्हाला कळलं, बाहेरच्या साथीदारांची नावं कुणी विकली ते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने गळफास घेतला.’

अख्खा रोट म्हणजे काय, हे काफमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. घरचे लोक कैद्याला टोपली पोचवायचे, आणि फाटकावरचे शिपाई टोपलीतली प्रत्येक वस्तू मोडून आत पाठवायचे. पावाचे चार तुकडे, अंड्याचे दोन, खजुराचीही बी काढलेली. चिठ्ठी जाईल, पातं जाईल, ही भीती. अख्खी वस्तू फक्त साहेबाच्या मर्जीतल्या माणसाला मिळे.

“तो रोट मी केला होता,” बय्या म्हणाली.

“तू?”

“अकरा वर्षांची होते. वसंताचा सण आणि आईला सणसणून ताप. म्हणून मीच कणीक मळली, दोन रोट केले. गल्लीतल्या सामाईक भट्टीत प्रत्येक घराची खूण असायची ना, रोट अदलाबदल होऊ नयेत म्हणून? आमची खूण आईची तीन बोटं. माझी बोटं कुठली उमटायला! मी आपला तळवा दाबला. तसा ठसा आमच्या घरात त्याआधी कधी उमटला नाही आणि नंतरही नाही. सकाळी दहाला एक रोट टोपलीत घालून फाटकावर दिला. बारा वाजता टोपली परत आली. शिपाई म्हणाला, ‘त्याला आता लागायची नाही.’”

टोपली परत येणं म्हणजे काय, हेही कुणाला सांगावं लागत नसे.

“टोपलीत सगळं तसंच होतं. ऑलिव्ह, धुतलेला सदरा. रोट तेवढा नव्हता. तेवढं एकच समाधान आहे मला, मादाम. माझ्या हातचं खाऊन गेला. अडतीस वर्षं त्याच्यावर काढलीत मी. आणि हा लारूसी त्याच रोटाचा पुरावा करतो?”

नझीहा पुस्तकाची आधीची पानं उलटत होती. पान नऊवर तिचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं: ‘आमच्या कोठडीला खिडकी नव्हती. चौदा महिने आम्ही ऊन पाहिलं नाही.’

२

रहस्य सोडवायला लोक बोटांचे ठसे शोधतात. नझीहाकडे एक पेन्सिल होती. दोन दिवस तिने तेच केलं जे ती जन्मभर पोरांकडून करून घेत आली होती. सूत्रं काय, तंत्र काय, आणि ते कुठे मोडलं?

सूत्र उघड होतं. भूक आणि वाटून खाणं. तंत्रही सरळ होतं. कोठडीत अंधार, म्हणून सगळं पुस्तक कानांनी, नाकाने आणि हातांनी लिहिलेलं. कोठडीतला तिसरा कैदी शादली खोकल्यावरून ओळखू यायचा, तिजानी त्याच्या गुणगुणण्यावरून. कुठेच कशाचा रंग नाही. चेहरेसुद्धा नाहीत. दोनशे पानांत डोळा एकदाच उघडतो, तो पान एकशे बारावर. आणि तेच पान सगळ्या पुस्तकात सर्वांत सुरेख होतं. तिला त्याची भीती वाटली.

बुधवारी दुपारी ती लारूसीला भेटली. तो गढीखालच्या चहाच्या दुकानात बसे, पांढरे केस मागे वळवलेले, खांद्यावर तपकिरी बुर्नूस, टोपीचा लोकरी झगा. येणारे-जाणारे त्याच्या कपाळाचं चुंबन घेऊन जात होते. तोही ते हक्काने घेत होता.

“या, लल्ला नझीहा!” त्याने मानाने हाक दिली. “तुमच्यासमोर बोलायचं म्हणजे मला पुन्हा परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.”

“तुम्ही तर पहिल्या नंबराने आलात, सी लारूसी,” तिनेही मानाचं ‘सी’ लावलं. “अवघडच प्रकार आहे, अंधारातलं लिहिणं.”

“अवघड नाही, प्रामाणिक आहे. प्रस्तावनेत शपथच घेतलीय मी. जे मी स्वतः ऐकलं, चाचपलं, चाखलं, तेवढंच लिहिलं. ऐकीव एक अक्षर नाही. दुसऱ्याच्या मनात शिरणारे लेखक मला चोर वाटतात.”

“पान एकशे बारासुद्धा?”

“तेच तर सगळ्यांत खरं पान. ते लिहिताना माझा हात थांबला नाही.” त्याने चहातला बदाम जिभेने अलगद उचलला. “बय्याबद्दल वाईट वाटतं हो. चांगली बाई. पण सत्याला बहीण नसते.”

वाक्य झकास होतं. त्याने ते ह्याआधीही दोन-तीन ठिकाणी वापरलं असावं, असं नझीहाला वाटलं.

“आणि त्या कोठडीत ऊन कुठून आलं?”

लारूसीचा पेला ओठांपर्यंत जाऊन थांबला. क्षणभरच. मग तो हसला.

“एवढं स्वातंत्र्य लेखकाला द्या, मादाम. सणाचा दिवस होता.”

ती उठली तेव्हा तो तिच्यामागून म्हणाला, “शादलीला विचारा. तोही होता तिथे. की तो अजून तोंडात मूग धरून बसलाय?”

३

शादली वकील होता आणि पाटीच्या समितीचा अध्यक्ष. कोठडीतल्या तिघांपैकी जिवंत राहिलेला दुसरा. त्याच्या कचेरीत खुर्च्यांपेक्षा कागदांचे ढीग जास्त होते.

“उस्ताद शादली, तिजानीला तो रोट खाताना तुम्ही पाहिलंत?”

“माझे डोळे सुजून बंद झाले होते. चार दिवस मी काहीच पाहिलं नाही.”

“पण पुस्तकात ‘आम्हाला कळलं’ असं लिहिलंय. त्या ‘आम्ही’त तुम्हीही येता.”

शादलीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “खरं सांगू? नावं फुटली, त्यापायी बाहेर सात जण उचलले गेले. कुणी फोडली, हे मला अडतीस वर्षं माहीत नव्हतं. कधीकधी वाटायचं, मारात बेशुद्ध असताना मीच बरळलो असेन. मग हे पुस्तक आलं. त्यात माझं नाव नव्हतं. मी सुटलो, मादाम. सुटलेला माणूस उलटतपासणी घेत नाही.” बोलताना त्याला लाज वाटत होती आणि त्याने ती लपवली नाही.

“सणाच्या दिवशी काय झालं, आठवतं?”

“तिजानीला आदल्या दिवशीच नेलं होतं. तो परत आल्याचं मला आठवत नाही. पण डोळे बंद, डोकं ठिकाणावर नाही. लारूसी म्हणतो आला, तर आला असेल. लारूसीला सकाळी दाढ दुखते म्हणून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी आणला. त्या रात्री त्याने स्वतःचं पाणी प्यायलं आणि माझंही. घटाघट. मी म्हटलं, बाबा, दाढ काढली की घसा? त्यावरून भांडलो आम्ही.”

नझीहाने ते वहीत लिहून घेतलं. मग ती उतारावरच्या फड्या निवडुंगाच्या मळ्याकडे गेली. तिथे मबरूक राहायचा. तुरुंगातला जुना शिपाई. त्याला गावात कुणी सलाम करत नसे आणि तोही कुणाकडून अपेक्षा ठेवत नसे.

“मारायला आलात?” त्याने विचारलं. “पुस्तक आल्यापासून दोघे येऊन गेले.”

“माझे गुडघे बघ. मी कुणाला मारणार? तिजानी कधी मेला?”

मबरूक चाकूने फळांचे काटे काढत राहिला.

“सणाच्या आदल्या संध्याकाळी. चौकशीच्या खोलीत. गळफास बिळफास काही नाही. मीच उचलला त्याला. पोर हलकं होतं हो.” त्याने चाकू जमिनीत खुपसला. “कागदावर दोन दिवस उशिराची तारीख घातली त्यांनी, पुस्तकातही तीच आलीय. नावं त्याच्याकडून निघालीच नाहीत. म्हणून तर साहेब चवताळला होता.”

“आणि दुसऱ्या दिवशीचा रोट?”

“तो न मोडता आत आणायचा हुकूम होता. साहेबाच्या खोलीत, खिडकीपाशी टेबल होतं, तिथे मी ठेवला. खुर्चीत एक माणूस पाठमोरा बसला होता, डोक्यावर पोतं. पोतं काढायच्या आत मला बाहेर घालवलं.”

“कोण होता तो?”

“ते कळलं असतं तर आज तुम्ही त्याच्याकडे गेला असता, माझ्याकडे नाही.”

४

म्हणजे पाठमोरा माणूस कोण, हे सांगणारा साक्षीदार एकही उरला नव्हता. फक्त पुस्तक उरलं होतं. आणि नझीहाला आता एकच गोष्ट विचारायची होती.

गुरुवारी सकाळी बय्या शिलाईयंत्रावर बसली होती.

“बय्या, तू दोन रोट केले होतेस. दुसऱ्याचं काय झालं?”

“घरीच होता. त्या दिवशी कोण खाणार? चौथ्या दिवशी मीच एक घास तोडला.”

“खारट होता?”

यंत्राचं चाक थांबलं. “तुम्हाला कुणी सांगितलं? मी घाबरून दोनदा मीठ घातलं होतं. आईलासुद्धा बोलले नाही कधी.”

नझीहा तिच्या शेजारी खाटेवर बसली. शाळेत तिने मुलांना कठीण उतारे समजावले होते. इतका कठीण कुठला नव्हता.

“पोरी, नीट ऐक. लारूसी लिहितो की तिजानीने तो रोट एकट्याने खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत. मग तो खारट होता हे लारूसीला कसं कळलं? तो शपथेवर सांगतो, मी चाखलेलंच लिहितो. चिमुकला तळवा त्याने पाहिला, म्हणजे रोट अख्खा होता तेव्हा पाहिला. ऊन पाहिलं, म्हणजे खिडकी होती, साहेबाच्या खोलीतली, जिथे मबरूकने तो रोट ठेवला. त्या रात्री दोन माणसांचं पाणी प्यायला. त्याने सगळं खरं लिहिलंय. फक्त खुर्चीतला माणूस बदलला.”

बय्याचा चेहरा उजळला. “म्हणजे तिजानी सुटला!”

“सुटला. पण मला हे शुक्रवारी सिद्ध करायचं असेल, तर अजून एक गोष्ट सांगावी लागेल.” नझीहाने तिचा हात धरला. “तुझा रोट फाटकातून आत गेला तेव्हा तिजानी जिवंत नव्हता. आदल्या संध्याकाळीच गेला होता तो. उपाशी.”

बाहेर गल्लीत कुणीतरी गालिचा झटकत होतं.

“तू म्हणालीस तर मी गप्प बसेन,” नझीहा म्हणाली. “पण दोन्ही गोष्टी नाही मिळणार गं. त्याने तो रोट खाल्ला म्हणावं तर पान एकशे बारा खरं ठरतं.”

बय्याने सुईतला दोरा तोडला. “उद्या येते मी,” एवढंच ती म्हणाली.

५

शुक्रवारी वाचनालयात उभं राहायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत लारूसी, त्याच्या शेजारी शादली आणि समिती. मबरूक दारापाशी उभा होता, त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी. बय्या खिडकीजवळ बसली होती. तिने नझीहाकडे एकदाही पाहिलं नाही.

नझीहा भुकेवर बोलली, अंधारावर बोलली. लारूसीची तिने तोंडभरून स्तुती केली आणि ती खोटी नव्हती. मग तिने पान नऊ वाचलं, प्रस्तावनेतली शपथ वाचली, आणि शेवटी पान एकशे बारा.

“आता एक विद्यार्थ्याची शंका,” ती म्हणाली. “सी लारूसी, तिजानीने रोट एकट्याने खाल्ला. भिंतीकडे तोंड करून. कणभरही उरला नाही. मग तो खारट होता, हे तुम्हाला कसं समजलं?”

काही जण हसले. लारूसी हसला नाही.

“त्याने... मला एक तुकडा दिला होता.”

“मग एकट्याने खाल्ला, हे खोटं?”

“लाजेखातर दिला. एकच तुकडा. ते लिहिलं नाही मी, त्याच्या अब्रूसाठी.” त्याचा आवाज सावरला. “मेलेल्या मित्रावर एवढी तरी दया, मादाम.”

सभेत कुजबुज झाली. शादलीने मान खाली घातली. आता पुढचं वाक्य फक्त एकच होतं आणि ते बोलायचा हक्क नझीहाला नव्हता. तिने पुस्तक मिटलं.

बय्या उठली.

“त्याने कुणालाच काही दिलं नाही,” ती म्हणाली. “तो रोट मी सणाच्या सकाळी दहा वाजता फाटकावर दिला. तळवा माझा होता. माझा भाऊ तेव्हा मेलेला होता. आदल्या संध्याकाळीच. उपाशी मेला तो.”

“मी उचलला होता त्याला,” दारातून मबरूक म्हणाला. “आणि रोट टेबलावर ठेवला तोही मीच.”

शादली सावकाश लारूसीकडे वळला. “दाढ दुखत होती ना रे तुझी?” त्याने विचारलं. “म्हणून माझं पाणी प्यायलास?”

लारूसी आपल्याच पुस्तकाच्या वेष्टनाकडे बघत होता. कुणीतरी त्याला बसायला सांगितलं, तेव्हा कळलं की तो उभा राहिला आहे.

“चौदा महिने मी काहीच अख्खं पाहिलं नव्हतं,” तो म्हणाला. “त्यांनी तो नुसता समोर ठेवला. मारलंसुद्धा नाही.” मग वेष्टनावर हात ठेवून, “विसरता येईना. लिहून टाकलं की जाईल, असं वाटलं.”

बय्या रांगांमधून वाट काढत त्याच्यासमोर आली. नझीहाला वाटलं, आता ही थोबाडीत मारणार. मारली असती तर कुणी अडवलं नसतं.

“सगळा खाल्लास?”

“सगळा.”

“खारट होता तरी?”

“हो.”

“तो त्याच्यासाठी होता,” बय्या म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. इतकी वर्षं न रडलेली बाई तिथे बसून मोठ्याने रडली.

पाटीवर तिजानीचं नाव आलं, वरून दुसरं. ते कोरायचा ठराव शादलीने स्वतः मांडला. लारूसी गाव सोडून मुलीकडे गेला. चहाच्या दुकानातली त्याची खुर्ची दुसऱ्या कुणी घेतली.

आठवड्याने सण आला. नझीहा गुडघे धरत टेकडीवरच्या कबरस्तानात पोचली तेव्हा बय्या भावाच्या कबरीपाशी बसली होती. फडक्यावर रोट होता, मधोमध अंडं, कडेला तळव्याचा ठसा. तळवा आता मोठ्या बाईचा होता.

“मीठ?” नझीहाने विचारलं.

“दोनदा घातलंय. त्याचा तसाच होता.”

तिने तो उचलून कबरीवर ठेवला, न मोडता. मग दोघी वाऱ्याला पाठ करून बसल्या. उतरायची घाई कुणालाच नव्हती.